नोंदीत उरलेली यंत्रे : सेवामुक्त सर्व्हर, स्वयंचलित देखरेख आणि अभावाचे प्रमाण

सारांश

अनेक सर्व्हरची रचना एकसारखी राखणारी ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ची साधने नवा सर्व्हर देखरेखीच्या यादीत आपोआप दाखल करतात. सेवेतून काढलेला सर्व्हर त्याच यादीतून आपोआप वगळणे मात्र त्यांना सहजासहजी साधत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः पपेट आणि नॅगिऑस या जोडीच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे. ही उणीव वरकरणी तांत्रिक दिसते. परंतु एखादी वस्तू ‘नाही’ हे कशावरून सिद्ध होते, या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षात तिचे मूळ आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी भारतीय तर्कपरंपरेतील अभाव व अनुपलब्धी या संकल्पनांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : सर्व्हर, देखरेख, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट, पपेट, नॅगिऑस, अभाव, अनुपलब्धी, निर्लेखन.

१. प्रास्ताविक

एखाद्या संस्थेतील सर्व्हरची संख्या दहा-वीस असते तोवर त्यांची निगा राखणारा मनुष्य प्रत्येक यंत्राला नावाने ओळखतो. संख्या शेकड्यांत गेली की ही ओळख नोंदींवर सोपवावी लागते. अशा नोंदी दोन प्रकारच्या असतात. यंत्र कसे असावे, म्हणजे त्यावर कोणती प्रणाली, कोणते वापरकर्ते आणि कोणत्या सेवा असाव्यात, हे पहिल्या प्रकारची नोंद सांगते. यंत्र प्रत्यक्षात कसे आहे, म्हणजे ते चालू आहे काय, त्याची डिस्क भरत आली आहे काय, त्यावरील सेवा उत्तर देते काय, हे दुसऱ्या प्रकारची नोंद सांगते. पहिले काम कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधने करतात, तर दुसरे देखरेखीच्या प्रणाली करतात.

या दोन्ही परंपरा आता चांगल्या प्रौढ झाल्या आहेत. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिनचा आरंभ केला. ल्यूक केनीज यांचे पपेट २००५ मध्ये, शेफ २००९ मध्ये आणि अँसिबल २०१२ मध्ये आले. देखरेखीच्या क्षेत्रात ईथन गॅलस्टॅड यांची प्रणाली १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने प्रसिद्ध झाली आणि २००२ पासून ती नॅगिऑस म्हणून ओळखली जाऊ लागली. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेली प्रोमीथियस ही नंतरच्या पिढीतील प्रमुख प्रणाली होय.

यंत्र कसे असावे हे एका साधनाला ठाऊक असेल, तर त्या यंत्रावर लक्ष ठेवण्याची सूचना त्याच साधनाने दुसऱ्या प्रणालीला द्यावी, हा विचार स्वाभाविक आहे. या विचारातून जी व्यवस्था उभी राहिली तिचा पूर्वार्ध अत्यंत देखणा आहे. उत्तरार्धात, म्हणजे सर्व्हर सेवामुक्त होण्याच्या प्रसंगी, ती अडखळते. हे अडखळणे नेमके कोठे आहे आणि त्यावर सुचविले गेलेले उपाय कितपत योग्य आहेत, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२. आगमनाची व्यवस्था

पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरचे अपेक्षित वर्णन एका मध्यवर्ती ठिकाणी लिहिलेले असते. सर्व्हरवरील एजंट नावाचा कार्यक्रम सामान्यतः दर तीस मिनिटांनी मध्यवर्ती यंत्राशी संपर्क साधतो, आपले वर्णन मागून घेतो आणि प्रत्यक्ष स्थिती त्या वर्णनाशी जुळवितो. या वर्णनात काही विधाने अशी असू शकतात, की ती त्या सर्व्हरने आपल्यापुरती न ठेवता इतरांसाठी जाहीर करावयाची असतात. पपेटच्या परिभाषेत त्यांना ‘एक्सपोर्टेड रिसोर्स’, म्हणजे निर्यात केलेली विधाने, असे म्हणतात. ‘माझे नाव अमुक, माझा पत्ता अमुक, माझ्यावरील संकेतस्थळ तपासत जावे’ अशा आशयाचे विधान नवा सर्व्हर निर्यात करतो. ते मध्यवर्ती विदागारात साठविले जाते. नॅगिऑस ज्या यंत्रावर चालते तेथील एजंट पुढच्या फेरीत अशी सर्व विधाने गोळा करतो आणि त्यांवरून नॅगिऑसच्या फायली तयार करतो.

या व्यवस्थेत कोणीही कोणाला निरोप पाठवीत नाही, कोणतीही यादी हाताने लिहीत नाही, आणि तरीही साधारणतः तासाभरात नवा सर्व्हर देखरेखीखाली येतो. ज्याने पूर्वी अशा याद्या हाताने सांभाळल्या आहेत त्याला या रचनेचे मोल सांगावयास नको. नवा सर्व्हर देखरेखीत घालण्याचे राहून गेले आणि तो बंद पडल्याचे वापरकर्त्यांकडून कळले, हा अनुभव एकेकाळी नित्याचा होता. पपेटने तो पुष्कळसा दूर केला. पुढील टीका करताना हे श्रेय मान्य करणे आवश्यक आहे.

३. निरोपाची अडचण

आता हाच सर्व्हर पाच वर्षांनी जुना झाला, त्यावरील काम दुसरीकडे हलविले गेले आणि तो बंद करण्यात आला, असे समजू. त्याचे वर्णन मध्यवर्ती ठिकाणाहून खोडण्यात आले. एवढ्याने तो देखरेखीतून वगळला जावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही, आणि न घडण्याची कारणे एकावर एक रचलेली आहेत.

पहिले कारण असे, की विदागारातील निर्यात केलेले विधान सर्व्हरच्या शेवटच्या फेरीत जसे होते तसेच राहते. विधान मागे घेण्यासाठी त्या सर्व्हरने नवे वर्णन मागावयास हवे. आणि बंद पडलेला सर्व्हर काहीच मागत नाही. म्हणून प्रशासकाला ‘नोड डीॲक्टिव्हेट’ ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. ही आज्ञा दिल्यानंतरही त्या यंत्रावरील एजंट चालू राहिला असेल आणि त्याचे ओळखपत्र रद्द केलेले नसेल, तर पुढच्याच फेरीत तो पुन्हा हजेरी लावतो आणि विदागार त्याला पुन्हा जिवंत मानते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. विदागारातून विधान गेले, तरी नॅगिऑसच्या यंत्रावर त्यावरून पूर्वी लिहिली गेलेली नोंद तशीच राहते. कारण पपेट आपल्या वर्णनात असलेल्या गोष्टींचीच काळजी घेते. वर्णनात नसलेल्या गोष्टींबाबत ते मौन पाळते. काल जी गोष्ट वर्णनात होती आणि आज नाही, तिच्याविषयी त्याला आठवणही नसते. आज्ञा मागे घेणे आणि विरुद्ध आज्ञा देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ‘हे असावे’ हे वाक्य खोडल्याने ‘हे नसावे’ हे वाक्य आपोआप लिहिले जात नाही.

यावर ‘पर्ज’ ही सोय आहे. जे जे आपल्या वर्णनात नाही ते ते त्या यंत्रावरून काढून टाकावे, असे पपेटला सांगता येते. परंतु नॅगिऑसच्या नोंदी मूळ ठरलेल्या फाइलऐवजी दुसऱ्या फायलींत विभागून ठेवल्या असतील, तर ही सफाई तेथवर पोहोचत नाही. आणि मोठ्या संस्था सोयीसाठी नेमके असेच विभाजन करतात. सफाई अर्धवट झाली तर स्थिती आणखी बिघडते. सर्व्हरची नोंद गेली पण त्यावरील सेवेची नोंद उरली, तर नॅगिऑसला त्या सेवेचा धनी सापडत नाही. अशा विसंगत फायली घेऊन ते पुन्हा सुरू होण्यास नकार देते. एका मृत यंत्राच्या अर्धवट निरोपामुळे सर्व जिवंत यंत्रांवरील देखरेख थांबू शकते.

अन्य साधनांची रचना वेगळी असली तरी प्रश्न सुटलेला नाही. शेफच्या प्रचलित पद्धतीत मध्यवर्ती विदागारात शोध घेऊन नॅगिऑसची संपूर्ण यादी प्रत्येक वेळी नव्याने लिहिली जाते. त्यामुळे विदागारातून सर्व्हर काढला की तो यादीतूनही जातो, ही उजवी बाजू होय. परंतु विदागारातून काढण्याची आज्ञा येथेही कोणीतरी द्यावीच लागते. शिवाय शोधयंत्रणेत बिघाड होऊन उत्तर रिकामे आले, तर तेवढ्यावरून जिवंत यंत्रेही यादीतून नाहीशी होण्याचा धोका असतो. अँसिबलमध्ये यादीतून सर्व्हरचे नाव खोडले की साधन त्याला केवळ विसरते. देखरेखीतून तो काढावयाचा असेल तर नाव खोडण्यापूर्वी ‘ॲबसेंट’, म्हणजे ‘नसावा’, अशी स्थिती लिहून ती एकदा अमलात आणावी लागते. खोडण्याचा आणि अमलाचा क्रम चुकला की काम राहून जाते.

४. उरलेल्या नोंदीची किंमत

एक नोंद उरली तर बिघडले काय, असा प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहे. बंद सर्व्हरची नोंद उरली की नॅगिऑस ठरावीक काळाने ‘हा सर्व्हर उत्तर देत नाही’ असा इशारा पाठवीत राहते. इशारा खरा असतो. पण निरर्थक असतो. असे दहा-वीस इशारे पटलावर कायम लाल दिसू लागले, की पाहणाऱ्याची नजर त्यांना सरावते. पुढे त्यांत एक खरा लाल इशारा मिसळला तरी तो वेगळा दिसत नाही. गावातल्या पहारेकऱ्याने रोज रात्री उगाच हाकाटी केली, तर चोर येईल त्या रात्री कोणी उठत नाही.

वैद्यकक्षेत्रात या अवस्थेचा गांभीर्याने अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील रुग्णालयांचे अधिस्वीकरण करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये रुग्णशय्येजवळील उपकरणांच्या इशाऱ्यांविषयी एक सूचनापत्र काढले. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात इशाऱ्यांशी संबंधित ९८ घटना त्या संस्थेकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी ८० घटनांत रुग्णाचा मृत्यू झाला होता. इशाऱ्यांच्या भडिमाराने परिचारकांच्या संवेदनेला येणारा थकवा हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले गेले.

संगणकक्षेत्रातील एक प्रकरणही येथे विचारात घेण्यासारखे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीच्या प्रणालीने सुमारे ४५ मिनिटांत अनियंत्रित व्यवहार केले आणि कंपनीस ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाच्या २०१३ च्या आदेशानुसार नवी आज्ञावली आठपैकी सात सर्व्हरवर बसविली गेली होती. आठव्यावर जुनीच राहिली. त्या जुन्या आज्ञावलीतील ‘पॉवर पेग’ या कार्याचा वापर कंपनीने २००३ मध्येच बंद केला होता, परंतु ते काढून टाकले नव्हते. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी ‘पॉवर पेग बंद आहे’ अशा आशयाचे ९७ ईमेल कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे गेले. ते इशारे म्हणून योजलेले नव्हते आणि त्यांची दखल कोणी घेतली नाही. हे प्रकरण सेवामुक्त सर्व्हरचे नसून सेवामुक्त कार्याचे आहे, हे खरे. तथापि वापर थांबविणे आणि काढून टाकणे यांतील अंतर किती महाग पडू शकते, आणि ज्या संदेशाकडे पाहण्याची सवय नाही तो आला काय आणि न आला काय, या दोन्ही गोष्टी त्यातून स्पष्ट होतात.

उरलेल्या नोंदीला सुरक्षिततेची बाजूही आहे. सर्व्हर गेला, पण त्याचे नाव डीएनएसमध्ये आणि त्याचा पत्ता देखरेखीच्या यादीत राहिला, तर तोच पत्ता पुढे दुसऱ्या यंत्राला मिळू शकतो. मग देखरेख प्रणाली परक्या यंत्राला आपले समजून तपासू लागते आणि ते उत्तर देत असल्याने पटलावर हिरवा रंग दाखविते. लाल इशाऱ्यापेक्षा असा हिरवा निर्वाळा अधिक घातक होय.

५. मौनाचा अर्थ

या सर्व अडचणींवर जो उपाय सर्वाधिक सोयीचा वाटतो तो मुदतीचा. पपेटच्या विदागारात अशी मुदत घालता येते, की ठरावीक काळ ज्या सर्व्हरने हजेरी लावली नाही तो कालबाह्य मानावा आणि पुढे त्याची नोंद काढून टाकावी. यामुळे कोणालाही आज्ञा द्यावी लागत नाही, काही राहून जात नाही आणि यादी स्वच्छ राहते. सेवामुक्त सर्व्हर आपोआप वगळण्याचे ध्येय साध्य झाले, असे वाटते.

प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप या उपायावर आहे. देखरेख प्रणाली कशासाठी असते? यंत्राने उत्तर देणे थांबविले तर ते कळावे यासाठी. म्हणजे मौन हीच तिच्या लेखी सर्वांत मोठी बातमी होय. मुदतीचा उपाय त्याच मौनाला निरोप समजतो. जे चिन्ह एका प्रणालीत आजाराचे मानावयाचे तेच दुसऱ्या प्रणालीत मृत्यूचे मानले, आणि दुसरीने पहिलीला यादी पुरविली, तर दीर्घकाळ आजारी असलेले यंत्र आपोआप निरोगी यंत्रांच्या यादीतून बाहेर पडते आणि त्याच्या आजाराची बातमीही थांबते. सात दिवस एजंट बंद पडलेला, पण इतर सर्व सेवा देणारा सर्व्हर ही काल्पनिक गोष्ट नव्हे. एखादे ओळखपत्र कालबाह्य झाले, डिस्क भरली, संपर्काचा मार्ग बदलला, तरी असे घडते. आणि अशा बिघडलेल्या सर्व्हरवरच लक्ष असण्याची गरज सर्वाधिक असते.

भारतीय तर्कपरंपरेने या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान आपल्याला कसे होते? नैयायिकांच्या मते ते प्रत्यक्षानेच होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैती यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु केवळ न दिसणे पुरेसे नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तेथे घट नाही असे ठरत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असतानाच त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण ठरते. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

मुदतीच्या उपायात योग्यतेची ही अट गळून पडलेली आहे. एजंटची हजेरी न दिसणे हे सर्व्हर नसण्याचे प्रमाण ठरावयाचे, तर ‘सर्व्हर असता तर एजंटने हजेरी लावलीच असती’ हे आधी सिद्ध असावयास हवे. ते सिद्ध नाही. किंबहुना असलेल्या सर्व्हरचा एजंट बंद पडतो म्हणून तर देखरेख ठेवावी लागते. दिवा विझला असता खोली रिकामी असल्याचा निर्णय देण्यासारखेच हे आहे.

विदागारांच्या सिद्धांतात हाच प्रश्न दुसऱ्या परिभाषेत आला आहे. जे विदागारात नोंदलेले नाही ते असत्य मानावे, या गृहीताला रेमंड राइटर यांनी १९७८ मध्ये बंदिस्त विश्वाचे गृहीत म्हणून तर्कशुद्ध रूप दिले. रेल्वेच्या वेळापत्रकात जी गाडी नाही ती नाहीच, असे आपण मानतो. कारण वेळापत्रक पूर्ण असल्याची हमी कोणीतरी घेतलेली असते. यादी पूर्ण असल्याची हमी नसेल तर हे गृहीत लागू करता येत नाही. स्वतः सर्व्हरांनीच हजेरी लावून जी यादी तयार होते, तिच्या पूर्णतेची हमी कोण देणार?

६. पुसणे आणि नोंदणे

यापुढचा आक्षेप ‘पर्ज’च्या कल्पनेवर आहे. वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार सांगितले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्रिकाळी नसणे तो अत्यंताभाव. आणि एक वस्तू दुसरी नसणे तो अन्योन्याभाव. यांपैकी प्रध्वंसाभावाचे लक्षण येथे विशेष उपयोगी आहे. त्याला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेला घट कधीतरी होता आणि एका निश्चित क्षणापासून तो नाही.

सेवामुक्त सर्व्हरचा अभाव हा प्रध्वंसाभाव होय. त्याला तारीख आहे, कारण आहे, निर्णय घेणारी व्यक्ती आहे. परंतु वर्णनात नाही म्हणून पुसून टाकले, एवढेच ज्या साधनाला ठाऊक आहे, त्याच्या लेखी हा सर्व्हर आणि कधीच अस्तित्वात नसलेला सर्व्हर यांत फरक उरत नाही. साधन प्रध्वंसाभावाचे अत्यंताभावात रूपांतर करते. सहा महिन्यांनी जुन्या पत्त्यावर एखादा संशयास्पद संपर्क आढळला आणि ‘हे यंत्र आपले होते काय, ते केव्हा काढले’ असा प्रश्न आला, की या फरकाचे महत्त्व कळते.

आपल्या महाविद्यालयांतील जडवस्तू संग्रह नोंदवही या बाबतीत अधिक शहाणी आहे, असे म्हणावे लागते. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक निकामी झाला म्हणून कोणी नोंदवहीतील ओळ खरवडून काढीत नाही. समिती पाहणी करते, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता मिळते आणि मूळ नोंदीसमोर निर्लेखनाचा आदेश व दिनांक लिहिला जातो. वस्तू कपाटात दिसत नाही, एवढ्यावरून ती निर्लेखित मानली जात नाही. न दिसणारी वस्तू हरवलेली असू शकते, उसनी गेलेली असू शकते, किंवा चोरीस गेलेली असू शकते. या कार्यपद्धतीच्या संथपणाविषयी आपण सर्वच जण तक्रार करतो. परंतु अभाव हा अनुमानाने ठरवावयाचा नसून घोषणेने ठरवावयाचा आहे, हे तत्त्व तिने सांभाळले आहे.

संगणकक्षेत्राला हे तत्त्व सर्वस्वी अपरिचित होते, असेही नाही. पपेटच्या काही जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर काढताना ‘अनएक्सपोर्ट’ हा पर्याय देता येत असे. त्यायोगे त्या सर्व्हरने निर्यात केलेली विधाने एकदम न पुसता आधी ‘नसावे’ या स्थितीत बदलली जात. नॅगिऑसचे यंत्र पुढच्या फेरीत ती ‘नसावे’ची आज्ञा गोळा करी आणि नोंद विधिवत काढून टाकी. हे मृत यंत्राच्या वतीने उच्चारलेले निरोपाचे वाक्य होते. पपेटडीबी हे नवे विदागार आल्यानंतर ही वाट मागे पडली आणि तिची जागा निष्क्रिय ठरविणे, मुदत आणि सफाई यांनी घेतली. वेग वाढला, पण वाक्य हरवले.

२०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्मने वेगळा मार्ग स्वीकारला. आपण काय काय निर्माण केले याची स्मृती ते एका स्थिती-फाइलमध्ये जपते. त्यामुळे वर्णनातून एखादी ओळ खोडली, तर ‘ही वस्तू मी निर्माण केली होती आणि आता ती नको आहे’ असा अर्थ त्याला लावता येतो. नष्ट करण्यापूर्वी ते तसा आराखडाही दाखविते. सर्व्हर आणि त्याची देखरेखीतील नोंद एकाच वर्णनात असतील तर दोन्ही एकत्र जातात. जे आपण निर्माण केले त्याचाच विलय आपण करावा, ही मर्यादा येथे पाळली जाते. ज्याला स्मृती आहे त्यालाच निरोप देता येतो, असे या तुलनेवरून म्हणता येईल.

७. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप घेता येतो. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याचे आभासी सर्व्हर उपलब्ध करून दिल्यापासून सर्व्हरचे आयुष्य वर्षांत मोजण्याचे कारण उरलेले नाही. मागणी वाढली की शंभर सर्व्हर उभे राहतात आणि तासाभरात नाहीसे होतात. अशा प्रत्येक सर्व्हरसाठी समिती, प्रस्ताव आणि मान्यता यांची अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. शिवाय हाताने द्यावयाची आज्ञा माणूस विसरतो, म्हणूनच तर स्वयंचलन आले.

हा आक्षेप स्वयंचलनाविषयी योग्य आहे. परंतु येथील वाद स्वयंचलनाशी नाहीच. वाद प्रमाणाशी आहे. निरोपाची घोषणा माणसानेच करावी असे नाही. जी आज्ञावली सर्व्हर नष्ट करते तिनेच ‘मी अमुक क्षणी अमुक सर्व्हर नष्ट केला’ अशी घोषणा करावी, आणि देखरेख प्रणालीने ती ऐकून नोंद काढावी, हे पूर्णतः स्वयंचलित असू शकते. नष्ट करणाऱ्याला नाश प्रत्यक्ष ठाऊक असतो. मुदत मोजणाऱ्याला तो केवळ तर्काने वाटतो. पहिले ज्ञान आहे, दुसरे संशय आहे.

प्रोमीथियसच्या रचनेत या भेदाची जाण दिसते. कोणती यंत्रे तपासावयाची याची यादी ती एका स्रोताकडून घेते आणि ती यंत्रे उत्तर देतात की नाही हे स्वतः पाहते. यादीत असून उत्तर न देणारे यंत्र ‘बंद’ म्हणून उठून दिसते. यादीतून गेलेल्या यंत्राविषयी ती इशारा देत नाही. असणे आणि बोलणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या राहतात. मात्र ही यादी स्वतः यंत्रांच्याच नोंदणीवरून तयार होत असेल, आणि यंत्र कोसळताच त्याचे नाव यादीतूनही गळत असेल, तर हा भेद पुन्हा नाहीसा होतो. यंत्राचा मृत्यू स्वतःची बातमीही सोबत घेऊन जातो. चांगल्या साधनाच्या वापरातही यादी कोणाकडून येते, हा प्रश्न टाळता येत नाही, तो असा.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या साधनांची भाषा ही मुख्यतः अस्तित्वाची भाषा आहे. ‘असावे’ हे वाक्य तिला सहज उच्चारता येते. ‘नसावे’ हे वाक्य तिच्यात आहे, परंतु ते कोणी उच्चारावे, केव्हा उच्चारावे आणि उच्चारणारा स्वतःच नाहीसा झाला असेल तर काय करावे, याची व्यवस्था अपुरी आहे.

दुसरा, मौनावरून निवृत्ती ठरविणे हे देखरेखीच्या मूळ प्रयोजनाशी विसंगत आहे. मुदतीचा वापर करावयाचाच असेल तर तो विचारणा करण्यासाठी करावा. मुदत उलटली की नोंद काढू नये. ‘हा सर्व्हर सेवामुक्त झाला आहे काय’ असा प्रश्न जबाबदार व्यक्तीपुढे ठेवावा आणि उत्तर येईपर्यंत यंत्राला आजारीच मानावे.

तिसरा, निरोपाचा क्रम निश्चित असावा. प्रथम नियोजित विश्रांतीची नोंद करून इशारे थांबवावेत. मग एजंट बंद करून ओळखपत्र रद्द करावे. मग देखरेखीतील सेवांच्या व सर्व्हरच्या नोंदी एकत्र काढाव्यात. अखेरीस डीएनएसमधील नाव व पत्ता मोकळा करावा. हा क्रम एकाच आज्ञावलीत बांधता येतो आणि तसा बांधणे हेच खरे स्वयंचलन होय. एकाच वेळी अनपेक्षित संख्येने नोंदी वगळल्या जात असतील तर त्या आज्ञावलीने थांबून विचारावे.

चौथा, काढलेल्या सर्व्हरची नोंद सक्रिय यादीतून जावी, पण इतिहासातून जाऊ नये. तो होता, अमुक दिवसापासून नाही, आणि अमुकाच्या आज्ञेने नाही, एवढे तरी वाचता आले पाहिजे.

आज लहान महाविद्यालयांतही प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय आणि वेतन यांची कामे सर्व्हरवर चालतात आणि पुष्कळदा या सर्वांची निगा एकाच कर्मचाऱ्याकडे असते. त्याच्या पटलावर दिसणारा लाल रंग विश्वासार्ह असेल तरच परीक्षेच्या निकालाच्या रात्री तो धावत येईल. हा विश्वास साधने विकत घेऊन मिळत नाही. जे यंत्र गेले त्याला ‘गेले’ असे स्पष्ट म्हणण्याच्या शिस्तीतून तो निर्माण होतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत सर्व्हर उभा कसा करावा हे आपण विस्ताराने शिकवितो. तो विधिवत बंद कसा करावा, यासाठीही त्या अभ्यासक्रमात एक तास राखून ठेवणे अगत्याचे आहे.